रोशाचं तेल आणि ताईच्या पायाची जखम



मागच्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही याच कार्यक्रमात रोशा गवताच्या तेलाबद्दल बोललो होतो. गवत कधी कापायचं, भट्टी कशी लावायची, तेल कसं गाळायचं, सगळं सांगितलं. बोलता बोलता एक वाक्य आम्ही फार ठसक्यात सांगून टाकलं, "हे तेल जंतू मारतं." वाक्य खोटं नव्हतं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं तेव्हा आम्हालाच ठाऊक नव्हतं, आणि ते आमच्या गटातल्या एका ताईला भोगावं लागलं.

ताई गवत कापत होती. विळा निसटला आणि नडगीला लागला. तीन बोटं लांब जखम. भट्टी दहा पावलांवर, ताजं तेल बाटलीत भरून ठेवलेलं. तिनं तेच जखमेवर ओतलं. अशी आग झाली की ती मटकन खालीच बसली. पण आम्ही सगळ्या काय म्हणालो? "झोंबतंय म्हणजे काम करतंय." वर लुगड्याचं फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, तिसऱ्या दिवशी पुन्हा. जखमेभोवतीची कातडी लाल झाली, फोड आले. आम्हाला वाटलं, आतली घाण बाहेर पडतेय. पाचव्या दिवशी जांघेत अवधाण आलं, ताप चढला, पाय टेकवेना. मग दवाखाना.

डॉक्टरांनी फडकं सोडवलं आणि विचारलं, "यावर काय लावलं?" ताईनं सांगितलं. "कुणी सांगितलं लावायला?" ताई म्हणाली, "रेडिओवर सांगितलं." आणि रेडिओवर सांगणाऱ्या आम्ही दोघी तिथंच खाटेशेजारी उभ्या होतो.

तेलानं कातडी भाजली होती आणि भाजलेल्या कातडीखाली जंतू मजेत वाढत होते. जखम धुऊन, मेलेली कातडी काढून, गोळ्या-इंजेक्शनं सुरू झाली. धनुर्वाताचं इंजेक्शनही राहिलेलंच होतं, तेही दिलं. महिनाभर ताईची मजुरी बुडाली. पाय वाचला. बरी झाल्यावर ती आम्हाला म्हणाली, "आता उरलेलं पण सांगा की रेडिओवर." तिचं नाव घ्यायचं नाही, असंही तिनंच सांगितलंय. म्हणून आज ती नुसती ताई.

तर उरलेलं सांगायचं तर मुळापासून सांगावं लागेल. हे तेल असतं काय?

आपल्या घरात दोन जातींची तेलं असतात. शेंगदाण्याचं, तिळाचं, खोबरेल ही एक जात. कागदावर थेंब टाका, डाग पडतो तो जात नाही. दुसरी जात लवंगेच्या, निलगिरीच्या, गवती चहाच्या, रोशाच्या तेलाची. कागदावर थेंब टाकला की वास घरभर आणि थोड्या वेळानं कागद जवळजवळ कोरा. हे तेल उडून जातं, म्हणून पुस्तकात त्याला बाष्पनशील तेल किंवा सुगंधी तेल म्हणतात. नाव तेल असलं तरी खोबरेलाशी त्याचं नातं नाही. खोबरेलाचे कण कित्येक पटींनी मोठे आणि जड, ते उडत नाहीत. सुगंधी तेलाचे कण लहान.

हे कण कशाचे बनतात ते समजायला गळ्यातली पोत डोळ्यांसमोर आणा. वनस्पती कार्बनचे पाच-पाच मणी एकत्र ओवते. अशा दोन जुड्या जोडल्या की दहा मणी होतात. रानातल्या बऱ्याचशा वासांचा पाया हे दहा मणी आहेत. रोशाच्या तेलात मुख्य असतं ते जिरॅनिऑल. त्याच्या एका कणात कार्बनचे १० मणी, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा १. वास गुलाबासारखा. आता त्यातले हायड्रोजनचे दोन मणी काढून घ्या, १६ उरले. झालं सिट्रल, गवती चहाचं तेल! वास लिंबासारखा. आणखी दोन कमी करून १४ ठेवा आणि पोतीला गाठ मारून सहा मण्यांचं कडं करा, तर तो होतो थायमॉल, म्हणजे ओव्याचा वास. मणी तेच, ओवायची तऱ्हा वेगळी. तऱ्हा बदलली की वास बदलतो आणि गुणही बदलतात.

भट्टीत काय होतं ते आपण पाहतोच, पण त्यातली गंमत आम्हाला उशिरा कळली. जिरॅनिऑल एकटंच तापवलं तर उकळायला २३० अंशांच्या आसपास उष्णता लागते. पाण्याच्या वाफेच्या संगतीनं मात्र ते १०० अंशांच्या आतच गवतातून सुटून वर येतं. एकट्या बाईनं तालुक्याला जायला नाही म्हणावं आणि चौघी निघाल्या की तिनंही पिशवी उचलावी, तसं. वाफ गार झाली की पाणी आणि तेल पुन्हा वेगळे होतात. रोशाचं तेल पाण्यावर तरंगतं, ते वरून काढायचं. लवंगेचं मात्र पाण्यापेक्षा जड असल्यानं तळाशी बसतं. शंभर किलो ओल्या गवतातून अर्धा किलोच्या आसपास तेल निघालं तर चांगली भट्टी लागली म्हणायची. तेल बहुतेक तुऱ्यात असतं, पानात कमी आणि काडीत नाहीच म्हटलं तरी चालेल. म्हणून काडी बुडापासून कापून भट्टीत कोंबली तर जळण वाया आणि गवताचा बुडखाही दुबळा होतो.

रोशाला आपल्याकडे तिखाडी असंही म्हणतात, संस्कृतात रोहिष. सातपुड्याच्या उतारांवर ते कुणी न पेरता उगवतं. खानदेशातलं हे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेनं तुर्कस्तानाकडे जायचं. तिथं गुलाबाच्या महाग अत्तरात त्याची भेसळ व्हायची. वास इतका जवळचा! म्हणून युरोपच्या बाजारात त्याला 'तुर्की जिरेनियम तेल' असं नाव पडलं होतं. गवत आपल्या डोंगरातलं आणि नाव तुर्कस्तानचं. १८७१ साली याकोबसेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं जिरॅनिऑल पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही भारतातून गेलेल्या या गवती तेलातूनच. गुलाबातही जिरॅनिऑल असतं, पण सापडलं ते आधी आपल्या गवतात.

आता प्रश्न असा, की गवताला हा खटाटोप कशाला? आपल्याला अत्तर मिळावं म्हणून नक्कीच नाही. झाडाला पळता येत नाही. किडा आला, बुरशी आली, शेळीनं तोंड घातलं, तरी जागेवरच उभं राहायचं. म्हणून झाडं आपल्या अंगात अशी रसायनं तयार करतात की खाणाऱ्याला ती नको व्हावीत. बारकाईनं पाहिलं तर झाड हे तेल अंगभर खेळवत नाही. तुळशीच्या पानावर त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात, रोशाच्या पानात त्यासाठी वेगळ्या पेशी असतात. पान चुरगाळलं की त्या फुटतात आणि वास येतो. झाडाला ते असं वेगळं कोंडून ठेवावं लागतं, कारण मोकळं सोडलं तर ते झाडाच्या स्वतःच्या पेशींनाही सोसणार नाही. हे आम्हाला आधी कळलं असतं तर ताईच्या उघड्या जखमेवर आम्ही ते ओतलं नसतं.

जंतूला तेल मारतं कसं? हे पाहायला एक फुगा आणि एक संत्रं आणा. फुगा चांगला टम्म फुगवा. संत्र्याची साल त्याच्याजवळ धरून चिमटीत दाबा म्हणजे सालीतला फवारा फुग्यावर उडेल. बहुतेक वेळा फुगा फट्कन फुटतो. सालीतलं तेल रबरात मुरतं आणि रबर तिथं दुबळं होतं. पोरांना हा खेळ फार आवडतो, मात्र डोळे सांभाळायला सांगा.

जंतू म्हणजे तरी काय, पाण्यानं आणि क्षारांनी भरलेला एक सूक्ष्म फुगाच. त्याचं वेष्टण रबराचं नसतं, स्निग्ध पदार्थाचं असतं. सुगंधी तेलाला पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थ जवळचा, म्हणून ते पाण्यातून निघून त्या वेष्टणात शिरतं. वेष्टण सैल पडतं, आतले क्षार झिरपून बाहेर येतात, जंतूचा सगळा कारभार थंडावतो आणि तो मरतो. थायमॉल आणि लवंगेतला युजेनॉल यांत जोर जास्त असतो, जिरॅनिऑल आणि सिट्रलही त्यांच्या मागोमाग आहेत. हे सगळं प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे, आणि मागच्या वर्षी आम्ही सांगितलेलं अर्धं वाक्य ते हेच.

पण आपल्या कातडीच्या पेशींचं वेष्टणही स्निग्धच असतं. जंतूची गोधडी उसवणारं तेल आपली गोधडी सोडेल का? धड कातडीवर वर मेलेल्या पेशींचा जाड थर असतो, तो थोडंफार वाचवतो. जखमेत तो थरच नसतो. तिथं निव्वळ तेल घातलं की जंतू आणि जखम भरून काढणाऱ्या आपल्या पेशी, दोन्ही मरतात. आग होते ती त्याचीच खूण. "झोंबतंय म्हणजे काम करतंय" हे आम्ही म्हणालो त्यात चूक एवढीच, की काम कुणावर करतंय ते आम्ही विचारलं नाही.

ही चूक मोठमोठ्यांकडूनही झालेली आहे. १८६५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर नावाच्या शल्यविशारदाकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. गाडीचं चाक पायावरून गेलेलं, हाड मोडून बाहेर आलेलं. त्या काळी अशा जखमा सडत आणि बहुतेक वेळा पाय कापावा लागे. लिस्टरनं कार्बोलिक आम्लात भिजवलेला कपडा जखमेवर बांधला. जखम सडली नाही, मुलाचा पाय वाचला, आणि जंतू मारून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत तिथून रुजली. पण कार्बोलिकनं कातडी भाजते हेही त्याला त्याच वेळी दिसलं. मग तो ते पातळ करत गेला, तेलात मिसळून पाहत गेला. ओव्यातला थायमॉल रसायनाच्या नात्यानं या कार्बोलिकचा भाऊबंदच. आपल्या बाजारात तो 'ओव्याचं फूल' म्हणून पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळतो. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जहाजं भरभरून जर्मनीला जायचा आणि तिथं त्यातून थायमॉल काढायचे. १९१४ ला युद्ध लागलं, तो रस्ता बंद झाला, तेव्हा कुठं तो इथं काढायची निकड वाटली. आजही तोंड धुवायच्या कितीतरी औषधांत थायमॉल असतो, पण चिमूटभर आणि पुष्कळ पातळ केलेला.

ताई बरी झाल्यावर आम्ही चौघी तालुक्याच्या कॉलेजात गेलो. तिथं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आहेत. त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "उद्या या, दाखवते." त्यांनी काचेच्या चपट्या ताटल्यांत खळीसारखा घट्ट थर ओतला होता, त्यावर जंतू पसरले, मधोमध तेलात बुडवलेली टिकलीएवढी कागदाची चकती ठेवली, झाकण लावलं आणि ताटल्या रात्रभर उबेत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी एका ताटलीत सगळीकडे जंतूंची साय धरली होती, पण आपल्या तेलाच्या चकतीभोवती स्वच्छ गोल वलय! आमची एक मैत्रीण तर टाळ्याच वाजवायला लागली. मॅडमनी दुसरी ताटली पुढे केली. त्यात वलय जवळजवळ नव्हतंच. तेल तेच, बाटली तीच.

पहिल्या ताटलीत स्टॅफिलोकॉकस होता, गळवात आणि पुवात नेहमी सापडणारा. दुसऱ्या ताटलीत स्यूडोमोनास, ओलसर जागी राहणारा, ज्याच्यामुळे जखमेतला पू कधी कधी हिरवट दिसतो. १८८४ साली ग्रॅम नावाच्या डॅनिश डॉक्टरानं जंतू रंगवायची एक रीत काढली. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काहींचा तो धुऊन जातो आणि मग ते गुलाबी रंगवता येतात. पुढे कळलं की हा फरक वेष्टणाच्या बांधणीचा आहे. जांभळ्या जंतूंना जाड पण जाळीदार भिंत असते, जाळीतून तेल आत शिरतं. गुलाबी जंतूंना बाहेरून आणखी एक पदर असतो, आणि तो तेलाला सहजी दाद देत नाही. शिवाय स्यूडोमोनाससारखे जंतू आत शिरलेलं नको ते उपसून बाहेरही टाकतात. विहिरीवर पंप लावावा तसे. म्हणून 'जंतू मारतं का' एवढंच विचारून भागत नाही. कुठला जंतू, ते विचारावं लागतं.

मग मॅडम म्हणाल्या, "आणि ही ताटली आहे, पाय नाही." वाक्य साधंच, पण आम्हाला चांगलंच लागलं. ताटलीवर झाकण असतं, त्यामुळे तेलाची वाफ आतच कोंडून राहते. उबदार पायावरून ती उडून जाते. ताटलीत रक्त नसतं, पू नसतो, मेलेली कातडी नसते. जखमेत हे सगळं असतं, आणि तेल त्यातल्या प्रथिनांत, चरबीत अडकून बसतं, जंतूपर्यंत पोचायला उरतंच थोडं. खाण्याच्या पदार्थांत ही तेलं टिकाऊपणासाठी घालून पाहिली तेव्हाही हेच दिसलं, की साध्या पाण्यात पुरणारं प्रमाण दुधा-मांसात पुरत नाही. आणि अँटिबायोटिक औषध रक्तातून आतपर्यंत जातं, तेही अगदी थोड्या मात्रेत. सुगंधी तेलाची मात्रा बऱ्याचदा त्याच्या शेकडो पट लागते. तेवढी मात्रा पोटातून द्यायची म्हटली तर जंतूच्या आधी माणूसच संपेल.

धनुर्वाताचं तर आणखी वेगळं. त्याचे जंतू मातीत, शेणखतात बियांसारखे कवच धरून निजलेले असतात. त्या कवचापुढे तेलाचं फारसं काही चालत नाही. आणि खोल जखमेत, जिथं हवा पोचत नाही, तिथं ते जागे होतात. विळ्याची, खिळ्याची, काट्याची जखम झाली की साबण आणि भरपूर वाहतं पाणी, वर स्वच्छ कापड, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र. तिथं धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं. भट्टीवरून उठून जायला कंटाळा येतो, मजुरी बुडते, हे आम्हाला ठाऊक आहे. ताईची एका दिवसाची वाचली होती आणि महिन्याची गेली.

मॅडमना आम्ही आणखी एक विचारलं. एका गटाच्या तेलानं फरक पडतो, दुसऱ्याच्या नाही, असं का? त्यांनी विचारलं, "गवत कुठलं?" रोशात दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला जवळजवळ सारखे, की रोज कापणारीही फसते. मोतिया कोरड्या, मोकळ्या उतारावर वाढतं, त्याच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, चांगल्या तेलात शंभरात ७५ भागांच्या वर. सोफिया सखल, ओलसर जागी दाट वाढतं, त्यात जिरॅनिऑल पुष्कळ कमी, वास उग्र, भावही कमी. दोन्ही एकाच भट्टीत गेलं की व्यापारी वास घेऊन नाक मुरडणारच. रानतुळशीचं तर याहून विचित्र. एका रानातल्या तुळशीत लवंगेतला युजेनॉल मुख्य असतो, तर दुसऱ्या रानातल्या तिच्यासारख्याच दिसणाऱ्या तुळशीत ओव्यातला थायमॉल. म्हणजे झाडाचं नाव कळलं म्हणून बाटलीत काय आहे ते कळलं असं होत नाही. कापायची वेळ, पाऊस, वाळवण, भट्टी किती तास चालली, यानंही फरक पडतो. नेमकं कळायचं तर तेलाची यंत्रावर तपासणी करावी लागते, तिला जीसी म्हणतात. तेलातला एकेक घटक किती, त्याचा कागद हातात मिळतो. सुगंधी वनस्पतींवर काम करणारी लखनौची सीमॅप ही सरकारी संस्था आहे, तिथं या गवतावर बरंच संशोधन झालंय. तपासणीचा कागद हातात असला की भाव करताना आपला आवाजही जरा वेगळा येतो.

मग हे तेल कशाला वापरायचं? पुष्कळ गोष्टींना. साबणात घाला, फरशी पुसायच्या पाण्यात घाला. धान्याच्या कणगीत आपल्या सासवा निर्गुडीचा नाहीतर कडुनिंबाचा पाला घालत आल्या, त्यातही वासाचा वाटा आहेच, आणि कोंडलेल्या जागी वाफ टिकते म्हणून तो लागू पडतो. दुखऱ्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला की ठणका कमी होतो, कारण युजेनॉल ती जागा बधिर करतो. दातांचे डॉक्टरही जस्ताच्या भुकटीत युजेनॉल कालवून दात भरतात. पण बोळ्यानं कीड जात नाही, दाढ फक्त दोन दिवस गप्प बसते.

अंगाला लावायचं तर चहाच्या एका चमच्याभर खोबरेलात दोन थेंब, त्याहून जास्त नको. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज आली, लाल झालं, तर ते तेल तुमच्यासाठी नाही. जिरॅनिऑल, सिट्रल, युजेनॉल या तिन्हींची काही जणींना ॲलर्जी होते. युरोपात तर साबण-क्रीमवर यांची नावं छापायची सक्ती आहे. जुनं, हवा लागलेलं तेल जास्त त्रास देतं, म्हणून काचेच्या गडद बाटलीत काठोकाठ भरून, पाण्याचा थेंब न राहू देता, सावलीत ठेवा. उघड्या जखमेवर, डोळ्यांजवळ, गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला हे तेल नको.

बाळाचं दोनदा सांगतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांत हाच प्रश्न जास्त असतो. सर्दी झाली म्हणून तान्ह्याच्या नाकाला कापूर, निलगिरी, पुदिन्याचा अर्क लावतात. लावू नका. एवढ्याशा बाळाचा श्वास त्यानं अडकू शकतो. कापूर पोटात गेला तर झटके येतात. निलगिरीचं तेल लहान मुलानं चमचाभर प्यायलं तरी जिवावर बेतू शकतं. आणि आपण तेल ठेवतो कशात? थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत, चुलीशेजारी! पोरानं तोंड लावलंच तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

विकण्याबद्दल थोडं. बाटलीवर 'जखमा, खरूज, ताप बरे करते' असं छापा म्हणजे माल जाईल, असं एका व्यापाऱ्यानं सुचवलं होतं. आम्ही नाही म्हटलं. औषध म्हणून विकायला १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो आणि रोग बरे करण्याच्या खोट्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा वेगळा कायदा आहे. पण कायदा नसता तरी आता आमच्या हातून ते छापलं गेलं नसतं. आमच्या चिठ्ठीवर रोशा तेल, कापणीचा महिना, गावाचं नाव आणि 'पोटात घेऊ नये, पातळ केल्याशिवाय अंगाला लावू नये' एवढंच असतं. दोन गिऱ्हाइकं गेली. साबण बनवणारं एक आलं, ते टिकलंय.

भेसळ ओळखायची घरगुती खूण मघाशीच सांगितली, कोरा कागद. थेंब सुकल्यावर तेलकट डाग राहिला तर कुणीतरी गोडं तेल मिसळलंय. रॉकेल किंवा टर्पेंटाइन मिसळलं असेल तर मात्र कागद फसतो, कारण तेही उडून जातं. तिथं नाक आणि जीसीच.

यंदा गवत चांगलं माजलंय, तुरे पिवळसर व्हायला लागलेत. सगळंच कापायचं नाही असं ठरलंय, वरच्या टेकाडावरचं बी पडेपर्यंत तसंच ठेवणार. भट्टीजवळ साबणाची वडी, पाण्याचा भरलेला हंडा आणि उकळून वाळवलेल्या कापडाच्या पट्ट्या डब्यात ठेवल्यात. आणि ताईनं गेल्या महिन्यात पोरांच्या जुन्या जाड पँटी फाडून सगळ्यांना नडगीला बांधायला दुहेरी पट्टे शिवलेत, नाड्यांसकट. ज्यांना त्याचं माप हवं असेल त्यांनी रेडिओ केंद्रावर येऊन पाहावं, एक पट्टा खिडकीशीच टांगून ठेवला आहे.